चेहरा झाकायचा तर प्रत्येक फ्रेममध्ये झाका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रे आता संकेतस्थळावर आणि समाजमाध्यमांवर रोज चित्रफिती प्रसिद्ध करतात. वृत्तवाहिन्यांचे तर सगळे कामच चित्रफितींवर चालते. अत्याचारग्रस्त मुलगी, विधिसंघर्षग्रस्त बालक (गुन्ह्याचा आरोप असलेले अल्पवयीन मूल), साक्षीदार किंवा निव्वळ योगायोगाने कॅमेऱ्यासमोर आलेली व्यक्ती यांचा चेहरा धूसर करण्याचे, म्हणजे आमच्या बोलीत ब्लर मारण्याचे काम त्यामुळे राज्यातल्या वृत्तदालनांमध्ये नित्याचे झाले आहे. मी अनेक वर्षे व्हिडिओ संकलनाचे काम करते. बातम्यांसाठी, माहितीपटांसाठी आणि सामाजिक संस्थांच्या चित्रफितींसाठी मी ते केले आहे. त्या अनुभवावरून मला खात्रीने वाटते, की क्लिपच्या एका तुकड्याला किंवा चौकटीच्या एका भागाला परिणाम (ब्लरसारखा इफेक्ट) लावणे हे आज आपल्याकडे सर्वांत घाईने उरकले जाणारे काम आहे आणि ज्यांच्यासाठी ते करायचे, त्यांनाच या घाईची किंमत मोजावी लागते. याबद्दल थोड्या तपशिलात लिहिण्याची परवानगी असावी, कारण दोष तपशिलातच आहे.

काही दिवसांपूर्वी एका वृत्तवाहिनीवर पाहिलेली क्लिप सांगते. ती कोणत्या प्रकरणाची, हे मुद्दाम लिहीत नाही. एका अल्पवयीन मुलीला वैद्यकीय तपासणीनंतर रुग्णालयाच्या मागच्या दाराने पोलिसांच्या गाडीकडे नेतानाचे ते दृश्य जेमतेम पंधरा सेकंदांचे होते. मुलीच्या चेहऱ्यावर ब्लरचे वर्तुळ होते आणि सुरुवातीला ते चेहऱ्याबरोबर व्यवस्थित सरकत होते. मग सोबतच्या महिला पोलिसाने गर्दी मागे सारण्यासाठी हात आडवा केला. तो हात चेहऱ्यासमोरून गेला, वर्तुळ त्या खाकी बाहीला चिकटले आणि बाहीबरोबर डावीकडे निघून गेले. मुलगी तोवर उजवीकडे वळली होती. तिचा चेहरा एका बाजूने, चांगल्या उजेडात, उघडा राहिला. मग कोणीतरी हाताने दुरुस्त केलेले वर्तुळ एकदम उडी मारून पुन्हा जागेवर आले. या सगळ्याला पाऊण सेकंदही लागला नसेल. परंतु निवेदकाच्या बोलण्यामागे ती क्लिप पुन्हा पुन्हा फिरवली जात होती, मुलीच्या मागून चालणाऱ्या आईचा चेहरा पूर्ण उघडा होता आणि मुलीच्या अंगावरचा शाळेचा गणवेश खिशावरच्या बिल्ल्यासकट स्पष्ट दिसत होता.

पाऊण सेकंद ही गोष्ट अनेकांना किरकोळ वाटेल. आपल्याकडचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण सेकंदाला 25 फ्रेमचे (एकेका स्थिर चित्रांचे) असते, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि पाऊण सेकंदात अठरा-एकोणीस फ्रेम येऊन जातात. घरातल्या संचावर बातमी एकदा दिसून निघून जात असे, त्या काळी एवढ्या फ्रेम बहुतेकांच्या नजरेतून निसटत, हे मान्य आहे. आता तीच बातमी थोड्याच वेळात यूट्यूबवर येते. तेथे कोणीही ती थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवू शकतो, स्क्रीनशॉट काढू शकतो आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू शकतो. पंधरा सेकंदांच्या क्लिपमध्ये 375 फ्रेम असतात. त्यांपैकी 374 फ्रेम नीट झाकल्या आणि एक उघडी राहिली, तरी त्या मुलीच्या दृष्टीने काहीच झाकले गेले नाही.

ही चूक कशी घडते, हे समजण्यासाठी काम कसे चालते ते थोडक्यात सांगायला हवे. परिणाम दोन बाजूंनी मर्यादित करावा लागतो. पहिली मर्यादा वेळेची: चेहरा चौकटीत येतो तेथून तो बाहेर जाईपर्यंतच ब्लर हवा असतो. त्यासाठी टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर, रेझर (कापण्याचे साधन) चालवून क्लिपचे तुकडे करतात आणि मधल्या तुकड्याला ब्लर लावतात. किंवा क्लिप अखंड ठेवून कीफ्रेमच्या, म्हणजे कोणत्या क्षणी परिणाम किती आणि कुठे असावा हे सांगणाऱ्या खुणांच्या, मदतीने परिणामाचे प्रमाण शून्यावरून वर नेतात आणि पुन्हा शून्यावर आणतात. किंवा वरच्या ट्रॅकवर (थरावर) ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे खालच्या चित्राला परिणाम देणारा रिकामा पदर, टाकून तेवढ्याच लांबीचा ठेवतात. एफएफएमपेगसारख्या लेखी आज्ञांवर चालणाऱ्या मोफत साधनात तर परिणाम कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत लावायचा, हे एका ओळीत लिहून देता येते. दुसरी मर्यादा जागेची: पूर्ण चौकट धूसर करायची नसते, म्हणून चेहऱ्याभोवती मास्क, म्हणजे ज्याच्या आतच परिणाम लागतो असा आकार, काढतात आणि सॉफ्टवेअरला त्या चेहऱ्याचा माग काढायला सांगतात, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात. प्रीमियर प्रो, फायनल कट, दाविंची रिझॉल्व्ह या तिन्ही संकलन-सॉफ्टवेअरांत या सोयी आहेत, रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आहेत आणि पूर्णपणे मोफत असलेल्या केडेनलाइव्हमध्येही हे काम होते. साधन महाग आहे म्हणून चेहरा उघडा राहिला, असे आज कोणालाही म्हणता येणार नाही.

चेहरा उघडा राहतो तो या दोन मर्यादांच्या कडांवर. ट्रॅकिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरला माणूस दिसत नाही. त्याला उजेड-काळोखाची आणि रंगांची मांडणी दिसते आणि ती मांडणी पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकली, एवढेच ते शोधते. मध्ये हात आला, चेहरा वळला, कॅमेरामन गर्दीत धक्का खाऊन हलला, कोणाच्या फ्लॅशचा झोत पडला, की मांडणी बदलते आणि मास्क जवळच्या दुसऱ्या कशाला तरी चिकटतो. पोलीस बंदोबस्तात घाईघाईने नेल्या जाणाऱ्या माणसाच्या क्लिपमध्ये या चारही गोष्टी हमखास घडतात, म्हणजे जेथे ब्लरची सर्वांत जास्त गरज असते, तेथेच ट्रॅकिंगचा भरवसा सर्वांत कमी असतो. अशा क्लिपमध्ये ट्रॅकिंग हा फक्त पहिला हात मानावा आणि त्यानंतर बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जात मास्क हाताने बसवावा, याला दुसरा मार्ग नाही. पंधरा सेकंदांच्या क्लिपला सरावलेल्या संकलकाला याला काही मिनिटे लागतात. ती काही मिनिटे मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

वेळेच्या कडेवर होणारी गळती याहून फसवी असते, कारण तेथे संकलकाने आपले काम नीट केलेले असते आणि चूक नंतर शिरते. समजा, रेझरने क्लिपचे दोन तुकडे केले, दुसऱ्याला ब्लर लावला आणि मग कोणीतरी ‘कट टोचतो’ म्हणून दोन तुकड्यांमध्ये डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरे उमटण्याचा परिणाम, टाकला. डिझॉल्व्हला दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या टोकांपलीकडचे फ्रेम लागतात. पहिला तुकडा जेथे संपल्यासारखा दिसत होता, त्याच्या पुढचे, ब्लर नसलेले फ्रेम मग दुसऱ्या तुकड्याखाली विरत विरत दिसू लागतात आणि त्यांत तो चेहरा असतो. तसेच, ॲडजस्टमेंट लेयर वरच्या ट्रॅकवर स्थिर असतो. बातमी छोटी करण्यासाठी कोणी खालच्या ट्रॅकवरचा आधीचा बाईट (कोणाच्या बोलण्याचा तुकडा) दोन सेकंदांनी कापला आणि वरचा ट्रॅक लॉक असला, की खालची क्लिप पुढे सरकते, लेयर मात्र होता तेथेच राहतो, आणि मग चेहरा ब्लर सुरू होण्याआधीच येऊन जातो. क्लिप संथगती केली तर काही सॉफ्टवेअरमध्ये मास्कच्या कीफ्रेम जुन्याच वेळेवर राहतात, चित्र रेंगाळते आणि मास्क पुढे निघून जातो. म्हणून ब्लर लावलेली क्लिप आधी स्वतंत्रपणे रेंडर करून तिची नवी फाइल बनवावी आणि पुढची सगळी कापाकापी त्या नव्या फाइलवरच करावी, हा नियम मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगते. चित्रात एकदा पक्का बसलेला ब्लर नंतर कोणाच्या कात्रीने हलत नाही.

मोबाइलसाठी उभी आवृत्ती काढण्याची पद्धत आल्यापासून आणखी एक वाट उघडली आहे. 1920 बाय 1080 पिक्सेलची आडवी बातमी 1080 बाय 1920 च्या उभ्या चौकटीत बसवताना चित्र डावी-उजवीकडे सरकवावे लागते, मोठे करावे लागते. ब्लर क्लिपवरच असेल तर तो चित्राबरोबर सरकतो. वरच्या लेयरवर असेल तर चित्र सरकते आणि ब्लर जुन्या जागेवर उरतो. अनेक ठिकाणी उभ्या आवृत्तीचे काम वेगळ्या डेस्कवर, वेगळ्या पाळीत होते आणि त्या डेस्कला सर्व्हरवरची मूळ क्लिपच उचलणे सोपे वाटते. थंबनेलची, म्हणजे चित्रफितीच्या दर्शनी चित्राची, गतही तीच. पूर्ण बातमीत काळजीने झाकलेला चेहरा थंबनेलमध्ये उघडा पडल्याचे मी पाहिले आहे, कारण थंबनेल बनवणाऱ्याने फ्रेम मूळ फुटेजमधून काढली होती. काही वेळा तर स्टुडिओतला निवेदक झाकलेल्या क्लिपबद्दल बोलत असतो आणि त्याच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर तीच क्लिप ब्लरविना फिरत असते.

सर्वांत जास्त चिंता मला जुन्या फुटेजची वाटते. प्रकरण घडते तेव्हा सगळे सावध असतात. खटला अनेक वर्षे चालतो, निकाल लागतो, त्या दिवशी डेस्कवर कोणी नवा संकलक असतो आणि तो संग्रहातून ‘फाइल फुटेज’ काढतो. संग्रहात ठेवलेली असते ती कॅमेरामनने किंवा स्ट्रिंगरने (बातमीगणिक मानधनावर काम करणाऱ्या वार्ताहराने) पाठवलेली मूळ क्लिप, कारण ब्लर त्या दिवशीच्या बातमीच्या टाइमलाइनवर लावला होता आणि ती टाइमलाइन कधीच पुसली गेली आहे. मधल्या काळात ती मुलगी मोठी झालेली असते, कदाचित दुसऱ्या गावात नव्याने राहू लागलेली असते. तिचा जुना चेहरा पुन्हा पडद्यावर आणण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तरीही निव्वळ फाइलच्या नावात सावध करणारा एक शब्द नसल्यामुळे हे होऊ शकते.

आता ब्लर किती असावा, याविषयी. पुष्कळ ठिकाणी चेहऱ्यावर हलका धूसरपणा देऊन समाधान मानले जाते. कडा मऊ दिसाव्यात म्हणून मास्कला फेदर इतका दिला जातो, की कपाळ, हनुवटी आणि कानाचा आकार ओळखू येतो. संकलन करताना संगणकावर ताण येऊ नये म्हणून चित्र कमी दर्जात पाहण्याची पद्धत असते. त्या पाहणीत ब्लर पुरेसा वाटतो आणि पूर्ण दर्जाची फाइल बाहेर पडते तेव्हा डोळे-नाक जाणवू लागतात. मोझॅक, म्हणजे चौकोनी ठोकळे, हा प्रकार लोकांना जास्त सुरक्षित वाटतो, पण तोही तसा नाही. बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांनी 1973 मध्येच अब्राहम लिंकन यांचे चित्र थोड्याशा राखाडी चौकोनांमध्ये बसवून दाखवले होते. जवळून ते नुसते ठोकळे दिसतात आणि लांब जाऊन किंवा डोळे किलकिले करून पाहिले, की लिंकन समोर उभे राहतात. कोणत्याही बातमीतला बारीक मोझॅक मोबाइल हातभर दूर धरून पाहावा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. चालत्या चित्रात तर धोका वाढतो, कारण ठोकळ्यांची जाळी एका जागी असते, चेहरा तिच्याखालून सरकतो आणि प्रत्येक फ्रेम त्याच चेहऱ्याची थोडी निराळी माहिती देऊन जाते.

परिणाम उलटा फिरवता येतो, हे तर पोलिसांनीच जगाला दाखवले आहे. मुलांवरील अत्याचाराची छायाचित्रे पसरवणाऱ्या एका गुन्हेगाराने स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळवटून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून चेहरा परत मिळवला, इंटरपोलने 2007 मध्ये तो जगापुढे ठेवला आणि काही दिवसांतच थायलंडमध्ये त्याला अटक झाली. त्या वेळी हे सत्कार्य होते. पण जे तंत्र गुन्हेगाराचा चेहरा उघडा करते, ते पीडितेचाही करू शकते. 2016 मध्ये कॉर्नेल टेक आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी मोझॅक केलेल्या आणि यूट्यूबच्या सोयीने धूसर केलेल्या चेहऱ्यांवर संगणकाला शिकवले आणि माणसाच्या डोळ्यांना ओळखू न येणारे चेहरे संगणकाला मोठ्या प्रमाणात ओळखता येतात, हे सिद्ध केले. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता किती पुढे गेली, हे सांगायला नको. उलट बाजूचा धोकाही आहे: अशी साधने ठोकळ्यांमधून एक स्वच्छ चेहरा रचून देतात आणि तो भलत्याच माणसाचा असू शकतो. 2020 मध्ये बराक ओबामा यांच्या ठोकळे केलेल्या छायाचित्रातून अशाच एका साधनाने गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला होता. आपल्याकडे एखाद्या संतापलेल्या गावात असा रचलेला चेहरा फिरला, तर प्रकरणाशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच मुलीच्या दारात लोक उभे राहतील.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की ओळख लपवणे हा कायदेशीर हेतू असेल तेथे मास्कच्या आत मूळ चित्राचा अंशही उरू नये. एकरंगी गडद पट्टी किंवा भरीव लंबवर्तुळ टाकावे. त्यात खालच्या चेहऱ्याची कोणतीही माहिती शिल्लक राहत नाही, म्हणून त्यातून परत काही मिळवता येत नाही. पडद्यावर ते थोडे ओबडधोबड दिसते आणि म्हणून निर्मात्यांना आवडत नाही. पडदा देखणा दिसावा, ही अपेक्षा येथे गैरलागू आहे. रस्त्यावरच्या दृश्यात सहज आलेल्या लोकांसाठी किंवा गाडीच्या नंबर प्लेटसाठी जाड ब्लर चालेल. तेथे प्रश्न एवढा गंभीर नसतो. आवाजाबद्दल एकच वाक्य लिहिते: नुसता जाडा-बारीक केलेला आवाज बऱ्याच प्रमाणात पूर्ववत करता येतो, त्याऐवजी तेच शब्द दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावेत.

कायद्याची बाजू वृत्तदालनांना ठाऊक नाही असे नाही, पण ती फक्त नाव न छापण्यापुरती लक्षात ठेवली जाते. भारतीय दंड संहितेत 1983 साली घातलेले कलम 228-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आले आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड होईल असा कोणताही मजकूर छापल्यास किंवा प्रसिद्ध केल्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. मुलांच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याचे (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याचे) कलम 23 याहून नेमके आहे. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा ओळख पटू शकेल असा अन्य कोणताही तपशील प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही आणि मुलाच्या हितासाठी अशी परवानगी द्यायची झाल्यास ती विशेष न्यायालयाने कारणे नोंदवून द्यावी लागते. या यादीशी वर सांगितलेली क्लिप ताडून पाहिली, तर चेहऱ्याचा मास्क एकदाही हलला नसता तरी गणवेश, बिल्ला आणि आईचा चेहरा एवढ्यानेच कायदा मोडला होता, हे दिसेल. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी मालक-संपादकांनी पुन्हा वाचावी, अशी माझी विनंती आहे: कर्मचाऱ्याने केलेल्या आणि करायचे राहून गेलेल्या अशा दोन्ही गोष्टींसाठी प्रकाशक किंवा माध्यमाचा मालक संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार धरला जातो. राहून गेलेली एक फ्रेम त्यात येते. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने हेच संरक्षण विधिसंघर्षग्रस्त बालकाला, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला आणि बालसाक्षीदारालाही दिले आहे. आरोपी सतरा वर्षांचा असला, की लोकांचा राग पाहून माध्यमांना या कलमाचा सोयीस्कर विसर पडतो.

न्यायालयांनीही वेळोवेळी खडसावले आहे. जम्मू-काश्मीरमधील कठुआ येथील बालिकेवरील बलात्कार व हत्येच्या प्रकरणात 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथील निवारागृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलींची छायाचित्रे किंवा चित्रण धूसर केलेल्या स्वरूपातही दाखवू नये, असे माध्यमांना बजावले. डिसेंबर 2018 मधील निपुण सक्सेना खटल्याच्या निकालात न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने मुद्रित, इलेक्ट्रॉनिक आणि समाजमाध्यमांत दूरान्वयानेही ओळख पटेल असे काही देता येणार नाही, पीडिता हयात नसली तरी देता येणार नाही, असे सांगितले. तरीही ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात बलात्कार करून हत्या झालेल्या डॉक्टर तरुणीचे नाव, छायाचित्रे आणि चित्रफिती सर्व समाजमाध्यमांवरून काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तोपर्यंत त्या किती फोनमध्ये साठवल्या गेल्या होत्या, ते कोणत्याही आदेशाने मोजता किंवा पुसता येणार नाही.

मुझफ्फरपूरच्या आदेशाकडे मी एक संकलक म्हणून गांभीर्याने पाहते, कारण त्यात आमच्या सगळ्या कारागिरीच्या आधीचा प्रश्न विचारलेला आहे: ही क्लिप हवीच कशाला? अत्याचार झालेल्या मुलीची पाठमोरी आकृती गाडीत चढताना दाखवल्याने वाचकाला किंवा प्रेक्षकाला कोणती माहिती मिळते? पोलीस ठाण्याची पाटी, न्यायालयाची इमारत किंवा साधी अक्षरपट्टी यांवर तीच बातमी पूर्ण सांगता येते. छोट्या गावात माणूस चेहऱ्यावरून ओळखला जातो त्याच्या कितीतरी आधी तो चालण्यावरून, साडीच्या रंगावरून, घराच्या ओट्यावरून आणि सोबतच्या म्हाताऱ्या आजोबांवरून ओळखला जातो. तेथे चौकटीचा एक भाग झाकणे मुळातच अपुरे आहे. बालकांच्या प्रकरणांत असे दृश्य चित्रित करूच नये, चित्रित झाले असेल तर वापरू नये आणि वापरायचेच नसेल तर साठवूही नये. ब्लरची गरज उरते ती साक्षीदार, आजूबाजूचे लोक, स्वतःहून बोलायला तयार झालेली सज्ञान पीडिता अशा प्रसंगांत, आणि तेथे ती शंभर टक्के पाळली जावी.

यासाठी वृत्तदालनांनी काय करावे, हे मी कामाच्या अनुभवावरून सुचवते. फुटेज बाहेरून येते, त्याच वेळी ते सर्व्हरवर सर्वांना खुले होण्याआधी झाकले जावे. संवेदनशील मूळ फाइल एका कुलूपबंद फोल्डरमध्ये राहावी आणि ती उघडण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींना असावा. बातमी, उभी आवृत्ती, थंबनेल, स्टुडिओचा पडदा आणि संग्रह या सर्वांसाठी तीच एक झाकलेली फाइल वापरली जावी. स्ट्रिंगरने पाठवलेले मूळ फुटेज वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकण्याची सवय ताबडतोब बंद व्हावी. तेथून ते कोठे जाते, हे आपण सगळे जाणतो. वेळेच्या कडेवर ब्लर चेहरा येण्याच्या आधी काही फ्रेम सुरू व्हावा आणि चेहरा गेल्यावर काही फ्रेम उशिरा संपावा. शेवटी, ज्याने ब्लर लावला त्याच्याशिवाय दुसऱ्या व्यक्तीने, आवाज बंद ठेवून, एकेक फ्रेम पुढे सरकवत अंतिम फाइल पाहावी आणि आपले नाव नोंदवावे. वृत्तपत्राचे पान छापायला जाण्यापूर्वी त्यावर मुद्रितशोधकाची नजर फिरते. वेलांटी चुकू नये म्हणून आपण ही व्यवस्था वर्षानुवर्षे सांभाळली आहे. त्याच वृत्तपत्राच्या चित्रफितीला अशी नजर नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

दोष एकट्या संकलकावर टाकणे अन्यायाचे होईल, हेही येथे सांगते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका पाळीत एकच तरुण बातम्या कापतो, ग्राफिक्स लावतो, थंबनेल बनवतो आणि यूट्यूबवर चढवतो. दुसऱ्या वाहिनीवर बातमी दिसली, की त्याला फोन येतो की ‘आपली अजून का नाही?’ ब्लर लावण्याचे तंत्र त्याने बहुधा स्वतःच व्हिडिओ पाहून शिकलेले असते आणि पॉक्सोचे कलम त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. पत्रकारितेच्या आणि माध्यमतंत्राच्या अभ्यासक्रमांत मास्क कसा काढायचा हे शिकवतात, तेव्हाच तो का काढायचा आणि चुकल्यास कोणाचे काय बिघडते, हेही शिकवले जावे.

सामान्य नागरिकही यात येतात, कारण कलम 72 केवळ पत्रकारांना लागू नाही. आपल्या फोनमध्ये आलेली अशी क्लिप चेहऱ्यावर एखादे चित्रचिन्ह (इमोजी) डकवून पुढे पाठवणे हे संरक्षण नव्हे. ते चिन्ह एका जागी राहते आणि चेहरा हलतो. जबाबदारीने काही प्रसिद्ध करायचे असेल, तर यूट्यूबने 2012 पासून चेहरे धूसर करण्याची आणि 2016 पासून हवा तो भाग निवडून धूसर करण्याची सोय दिली आहे, मात्र तिचा निकालही शेवटपर्यंत स्वतः तपासावा लागतो. पीडितेची क्लिप असेल तर ती पुढे पाठवू नये आणि कोणी पाठवली तर त्याला तेथल्या तेथे सांगावे.

आपल्या दैनिकाने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चित्रफितींमध्ये ओळख कशी लपवली जाते, तिची तपासणी कोण करते आणि जुने फुटेज कसे ठेवले जाते, याचे नियम आपण ठरवून वाचकांसाठी प्रसिद्ध करावेत. एखाद्या चित्रफितीत चेहरा उघडा राहिल्याचे वाचकाच्या लक्षात आल्यास रात्री-अपरात्रीही कळवता येईल असा दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा आणि तक्रार येताच खातरजमेची वाट न पाहता ती चित्रफीत आधी उतरवावी. खातरजमा नंतर करता येते.

आपली नम्र,
एक व्हिडिओ संकलक, सांगली